जुलाबात पाण्याबरोबर काय जातं?

रक्ताचा सामू (pH) ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहावा लागतो. पटकीसारख्या आजारात पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही वाहून जातं. बायकार्बोनेट घटलं की रक्त आम्लतेकडे झुकतं. मग फुप्फुसं जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतात आणि आजारी मूल खोल, भराभर श्वास घेतं. ही धाप दम्याची नव्हे, हे घरच्यांना माहीत हवंच. पोटॅशियम उतरलं की पोट फुगतं, हातपाय गळून जातात, हृदयाची लय बिघडते. नुसतं पाणी पाजत राहिलं तर सोडियम आणखी खाली जाऊन झटकेही येऊ शकतात.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांसाठी सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. अशाच मिश्रणाला आज ओआरएस म्हणतात; त्यात सोड्याऐवजी सायट्रेट असतं. शरीरात त्याचंच बायकार्बोनेट होतं.

ओआरएसची पाकिटं १ लिटरची असतात, तशी २०० मिलिलिटरचीही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या. कमी पाण्यात कालवलेलं ओआरएस बाळाचं सोडियम धोकादायक वाढवतं.