ठेवणीतल्या पैठणीची तिसरी गती

‘ठेवणीतले’ हा शब्द मराठी घराचे अंतरंग उघड करणारा आहे. ठेवणीतली साडी, ठेवणीतल्या कपबशा, ठेवणीतली चादर. जे उत्तम ते आज वापरावयाचे नाही, पुढे केव्हातरी! या सवयीचा ठळक बळी म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी होय.

पैठणी विणणे हे धीराचे काम आहे. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी बाण्याचा वेगळा धागा विणकर हाताने गुंफतो. म्हणूनच पदरावरील मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. एका साडीस कित्येक आठवडे, नक्षी दाट असल्यास कित्येक महिने लागतात. असे हे वस्त्र एखाद्या लग्नात नेसले जाते आणि मग ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसते.

तेथे ते सुरक्षित आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीच्या रेषेवर दुबळे होते. अस्सल जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची पातळ पट्टी. ती घडीवर तुटते आणि दमट हवेने काळवंडते. लेकीने हौसेने आईची पैठणी नेसावयास घ्यावी आणि निऱ्या करतानाच ती चिरावी, असे घडते ते यामुळेच.

या जपणुकीला कोणी हसू नये. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगेत उभे राहून संसार केला, तिला वस्तू पुरवून वापरणे भागच होते. तथापि पैशाचा आणि वस्तूचा धर्म भिन्न आहे. बँकेतील ठेवीवर व्याज चढते. ट्रंकेतील रेशमावर केवळ वर्षे चढतात. भर्तृहरीने धनाच्या दान, भोग आणि नाश अशा तीन गती सांगितल्या. पहिल्या दोन टाळणाऱ्याच्या वाट्याला तिसरी येतेच.

परंतु हानी केवळ वस्त्राची होत नाही. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, चांगली साडी दुसऱ्याच्या लग्नासाठी. गृहिणीचा स्वतःचा दिवस मात्र तिला कधीच पुरेसा मोठा वाटत नाही. ‘आज असा कोणता प्रसंग आहे?’ असे म्हणत ती आयुष्य काढते, आणि पुष्कळदा ती साडी तिच्या पश्चात, वाटणीच्या वेळीच बाहेर निघते.

तेव्हा पैठणी अवश्य जपावी. मऊ सुती कापडात गुंडाळावी, दर काही महिन्यांनी तिची घडी बदलावी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती नेसावी. चैत्रातले हळदीकुंकू, शाळेचे स्नेहसंमेलन, मुलाच्या निकालाचा दिवस, हे प्रसंग काही लहान नव्हेत. येवल्याच्या विणकराने पदरावर मोर विणला, तो माणसांनी पाहावा म्हणूनच.