रेलिंग नेमकं कोणत्या बाजूला?

आज रायगडच्या रोपवेवर लिहायचं ठरलं होतं. तो भाग पुढे ढकलतोय. अथेन्सच्या लिफ्टवरचा लेख छापून आला आणि पाठोपाठ सांगलीहून एका बाईंचं पत्र आलं. पत्र कसलं, फैलावर घेणंच ते. “तुम्ही इतके आठवडे रॅम्प, रॅम्प करताय. एकास बारा उतार, नऊ मीटरवर विसाव्याची सपाट जागा, सगळं वाचलं. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, पण ती व्हीलचेअरवर नाही. रॅम्पवरून उतरताना ती घाबरते. पायऱ्या तिला जमतात, फक्त हाताला धरायला काहीतरी हवं. त्याबद्दल कधी लिहिणार?”

आजच लिहितो. रेलिंग हा माझा जुना छंद आहे आणि त्याला घरचे पार विटलेले आहेत. देवळात गेलो तरी गाभाऱ्याआधी माझं लक्ष पायऱ्यांच्या कडेला जातं. तेव्हा बाईंनी आयतं निमित्त दिलं म्हणायचं.

आधी त्यांच्या आईंचं म्हणणं बरोबर का, ते पाहू. ज्यांच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवलाय, अशा काही जणांच्या सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवून झालेला अभ्यास आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, पायऱ्या चढताना तीन पटींच्या थोडा वर आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला महाग पडतं. हे सांगायला यंत्र कशाला, कुठल्याही आजीला विचारा. चढताना दम लागतो, उतरताना कळ येते.

रेलिंगवर हाताने भार टाकता येतो, तेवढा गुडघ्यावरचा कमी होतो. रॅम्पवरही रेलिंग असतं, नाही असं नाही. पण उतारावर पाऊल टेकतं तेच तिरकं. घोटा वाकला नाही तर गुडघा पुढे ढकलला जातो. संधिवाताने ज्यांचा घोटा आखडलाय, ज्यांना पोलिओमुळे कॅलिपर लावावा लागतो, ज्यांचा कृत्रिम पाय घोट्यात हलत नाही, त्यांना उतरता रॅम्प म्हणजे कुणीतरी मागून ढकलल्यासारखा वाटतो. पायरीवर निदान तळवा सपाट पडतो. थांबता येतं, श्वास घेता येतो, मग पुढची पायरी. व्हीलचेअरवाल्याला रॅम्पशिवाय गत्यंतर नाही आणि गुडघेवाल्याला तोच रॅम्प नकोसा. दोघांचंही खरं आहे. म्हणून रॅम्प केला की काम संपलं असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

फिजिओथेरपिस्ट शस्त्रक्रियेनंतर जिना शिकवतात तेव्हा एक साधा क्रम घोकून घेतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दुसरा पाय त्याच पायरीवर शेजारी आणायचा आणि मगच पुढे. म्हणजे एका पायरीवर दोन पावलं मावली पाहिजेत, शिवाय काठीचं टोक. आता हा हिशोब आपल्या गडांच्या पायऱ्यांना लावून बघा. आजच्या प्रमाणांत पायरीची उंची पंधरा सेंटिमीटरच्या आत आणि पाऊल ठेवायची जागा तीस सेंटिमीटर धरतात. गडावर एक पायरी गुडघ्याएवढी, पुढची वीतभर, तिसरी पावसाने धुपून गायब. निरोगी माणूस डोळ्यांनी अंदाज घेत चढतो. ज्याला प्रत्येक पायरीला पायाची तयारी करावी लागते, त्याला उंचीपेक्षा हा विषमपणा छळतो. सगळ्या पायऱ्या सारख्याच उंच असतील, तर शरीर दहा पायऱ्यांत त्यांची लय पकडतं.

म्हणून मला पुण्याची पर्वती आवडते. पायऱ्या शंभरावर आहेत, पण रुंद आणि उथळ. पेशवे हत्तीवरून वर जात म्हणून त्या तशा केल्या असं सांगतात. हत्तीचं खरंखोटं इतिहासकारांनी पाहावं. गुडघ्यांची सोय झाली, एवढं मी पाहतो. लोहगडाचाही तसाच गुण. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दारं ओलांडत जाणारी बांधीव वाट सह्याद्रीतल्या कितीतरी वाटांपेक्षा सौम्य आहे. तिथे हाताला सलग आधार मिळाला तर साठीपासष्टीची कितीतरी माणसं महादरवाज्यापर्यंत जाऊन येतील.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे गडावर रेलिंग लागतं ते दरीच्या बाजूला. राजगडाची चोरदिंडीची वाट पाहा, बालेकिल्ल्याची चढण पाहा: जिथे पाय घसरला तर माणूस खाली जाईल, तिथे लोखंडी पाइप. ते हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या वाटेला लागतो तो धडधाकट माणूस. ज्याला आधाराची खरी गरज आहे तो तिथवर पोहोचतच नाही. तो पायथ्याच्या पहिल्या पन्नास पायऱ्यांवर थकलाय. तिथे दरी नाही, धोका नाही, म्हणून रेलिंगही नाही. रेलिंग मरण टाळण्यासाठी असतं असं आपण धरून चाललोय. चालणं शक्य व्हावं म्हणूनही ते लावायचं असतं, हे कुणाच्या अंदाजपत्रकात येत नाही.

बरं, लावलंच तर एका बाजूला. पक्षाघाताने ज्याची डावी बाजू गेली, त्याला चढताना उजव्या हाताला आधार हवा. तोच माणूस उतरायला वळला की रेलिंग त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे निकामी हाताला येतं. मग तो उलटा, पाठमोरा उतरतो, नाहीतर बायकोच्या खांद्यावर हात टाकून. उपाय अगदी बाळबोध आहे: दोन्ही बाजूंना रेलिंग. जिना फार रुंद असेल तर मधोमध एक, म्हणजे एकच पाइप चढणाऱ्यालाही उजव्या हाताला येतो आणि उतरणाऱ्यालाही. गर्दीच्या देवस्थानांत मधलं रेलिंग रांगेसाठी लावतात. रांगेच्या निमित्ताने का होईना, लागतं तर खरं.

रुंद जिन्याची आणखी एक गोम म्हणजे कडा कुणाच्या ताब्यात आहे. घारापुरीला जेट्टीवरून छोट्या गाडीने आलात तरी लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या उरतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना ताडपत्रीखाली दुकानं. आधार शोधत कडेला गेलेला हात टोप्यांत, माळांत नाहीतर दगडी कासवांच्या मांडणीत जातो. दुकानदारांवर माझा राग नाही, ते बेटावरच्या माणसांचं पोट आहे. पण गुडघे दुखणारा माणूस नेहमी कडेने चालतो, हे जागा आखून देणाऱ्याच्या ध्यानात असायला हवं. तिथे चौघांच्या खांद्यावरची डोलीची खुर्ची मिळते आणि ज्यांना चालताच येत नाही त्यांना ती मोठा आधार आहे. पण पायऱ्यांवर धरायला सोय असती तर आपल्या पायांनी गेली असती, अशी माणसंही नाइलाजाने डोलीत बसलेली मी पाहिली आहेत. चेहऱ्यावरून कळतं. डोलीवाल्यांच्या मजुरीचा आणि खांद्यांचा विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र भाग देईन.

“हे रेलिंगबिलिंग परकं आहे, मूळ वास्तूत कुठे होतं?” असं विचारणारे भेटतात. त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडावर जाऊन यावं. कातळात कोरलेल्या त्या जवळजवळ उभ्या जिन्यावर पायऱ्यांच्या अंगाला खोबणी आहेत, बोटं घालून धरायला. ज्याने पायरी कोरली त्यानेच हाताचाही विचार केला, छिन्नी तीच. मला तर तो सह्याद्रीतला सगळ्यात प्रामाणिक जिना वाटतो, भले तिथे आजीला न्यायचं नसेल.

रेलिंग कुठे संपतं हा माझ्या छंदातला सर्वांत चिडका भाग. एका प्रसिद्ध देवस्थानाच्या पायऱ्यांवर पाहिलेलं सांगतो. धोतरातले एक आजोबा आडवे होऊन उतरत होते. दोन्ही हात पाइपावर, एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग हात पुढे सरकवायचे. छान लय लागली होती. पाइप शेवटच्या पायरीच्या एक पायरी आधी संपला. आजोबांचे हात पुढे सरकले ते हवेत. ते थांबले, वाकून जोत्याचा दगड धरू पाहिला, तो कमरेच्याही खाली. शेवटी हार विकणारा एक पोरगा उठला आणि त्याने दंड पुढे केला. पाइप तोडणाऱ्याने किती पाइप वाचवला असेल? हातभर. खाली उतरताना हात पायाच्या पुढे असतो, म्हणून रेलिंगही शेवटच्या पायरीच्या पुढे जायला हवं. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत ते तीसेक सेंटिमीटर पुढे न्यायला सांगितलंय. पाइपाची जाडी ३८ ते ४५ मिलिमीटर, म्हणजे मुठीत नीट बसेल अशी. दोन उंचींवर दोन पाइप, एक ७६० मिलिमीटरवर आणि दुसरा ९०० वर, म्हणजे ठेंगण्यांची आणि मुलांचीही सोय. प्रत्यक्षात काय दिसतं? चौकोनी नळी, जिच्या धारा तळहातात रुततात, किंवा मुठीत मावणार नाही असा जाडजूड पाइप. स्टेनलेस स्टील दिसायला झकास, पण एप्रिलच्या दुपारी बारा वाजता त्याला हात लावून दाखवा.

हे सगळं कागदावर आहे ते ‘मार्गदर्शक’ म्हणून, आणि तिथेच घोडं अडलं होतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, नियम २०१७चे. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या प्रमाणांबद्दलचा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची प्रमाणं आखायला सांगितली. निव्वळ सूचनांवर भागणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू, कारण पुरातत्त्वाशी संबंधित मित्र हा लेख वाचून फोन करणार हे ठरलेलंच. त्यांचा प्रश्न असतो: पाइप रोवणार कशात? प्रश्न रास्त आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसबद्दल गेल्या वेळी सिमेंटच्या वाटेचं भांडण सांगितलं, पण तिथली एक जुनी गोष्ट राहिली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉनचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन ग्रीक कारागीरही लोखंडच वापरत, पण त्याच्याभोवती शिसं ओतत. बालानोसने ते केलं नाही. लोखंड गंजलं, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो फुगला आणि संगमरवर आतून फुटला. पुढे ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्यात कितीतरी वर्षं गेली.

आपल्या गडावर हेच लहान प्रमाणात चालू असतं. उत्साही मंडळी रविवारी जनरेटर आणि ड्रिल घेऊन येतात, घडीव पायरीला भोक पाडतात, साधा लोखंडी पाइप रोवतात, वर सिमेंट. सह्याद्रीतला पाऊस त्या भोकात साचतो. पाच-सात वर्षांनी पाइप डुगडुगतो, पायरीचा कोपरा सुटतो, आणि डुगडुगणारं रेलिंग नसलेल्या रेलिंगपेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर विश्वासाने भार टाकतो. हेतू चांगला, हे मान्य. पण संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय भोक पाडणं हा गुन्हाही आहे आणि गाढवपणाही.

मग करायचं काय? जुन्या पायरीला हात न लावता खांब तिच्या बाहेर, कडेच्या मातीत उभे करता येतात. जिथे कडेला तट आहे तिथे स्वतःच्या वजनावर उभं राहणारं, जड बैठकीचं रेलिंग बसतं. ते उद्या उचलून नेलं तरी मागे खूण राहत नाही. खर्च जास्त येतो, जागा अडते, दरवर्षी पावसाळ्यानंतर पाना घेऊन फिरायला माणूस लागतो. हा शेवटचा खर्च कुणी धरत नाही, म्हणून चांगली रेलिंगंही पाचव्या वर्षी खुळखुळायला लागतात.

आणि सगळीकडे लावा असंही माझं म्हणणं नाही. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातल्या साल्हेरवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाइप ओढा असं मी सांगितलं तर वाचकांनी माझं लिखाण बंद पाडावं. पण पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, वर गाव आहे, रस्ते आहेत. तिथे तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव अशा एकेका जागी गाडीतून उतरल्यावर किती पायऱ्या, किती उंचीच्या आणि धरायला काय, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. सुरुवात अशाच जागांपासून करावी, जिथे वीस पायऱ्यांच्या आधाराने अख्खी वास्तू हाती लागते.

सांगलीच्या बाईंना एक व्यावहारिक उत्तरही देणं आहे. आईंना कुठे नेणार असाल तर फोन करून “सोपं आहे का?” असं विचारू नका, कारण उत्तर नेहमी “हो, लहान पोरंही जातात” असंच येतं. किती पायऱ्या आहेत, रेलिंग कोणत्या हाताला आहे, शेवटपर्यंत आहे का आणि मध्ये बसायला कुठे जागा आहे, हे विचारा. जमलं तर उतरतानाचा फोटो मागवा. पायऱ्यांचे फोटो सगळे खालून काढतात, आणि खालून कुठलाही जिना चढण्याजोगाच दिसतो.

पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे. त्यांच्या मामांचा कॅलिपर बुटाला जोडलेला आहे, तेव्हा अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत बूट काढायला सांगतात तिथे त्यांनी काय करायचं? कॅलिपर बुटातूनच उभा राहतो, बूट काढला तर पाय उभाच राहत नाही. जयपूर फूटवाल्यांना ही अडचण तितकी नाही, तो पाय अनवाणी चालण्याचा विचार करूनच घडवलेला आहे. पण पोलिओच्या पिढीतली हजारो माणसं बुटात अडकलेली आहेत. पुढचा भाग त्यावर लिहितो. रोपवेवाल्यांनी आणखी एक आठवडा धीर धरावा.