कंठांत राहिलेली भाषा

मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजविण्याची ‘हवाईयन गिटार’ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. एखाद्या काकांनीं हौसेनें शिकलेली ती कित्येकांच्या घरीं अजून कपाटावर पडूनही असेल. परंतु ज्या बेटांवरून हें वाद्य जगभर गेलें, तेथील लोकांची भाषा कोणती, ती त्यांच्या मुलांच्या तोंडून कशी हिरावली गेली आणि पुनः कशी परत आली, ही हकीकत आपल्याकडे फारशी ठाऊक नाहीं. ती आज वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. कारण तिच्यांत केवळ दूरदेशची नवलाई नाहीं, घरोघरीं विचार करावा असाही कांहीं भाग आहे.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं वसलेलीं हवाई बेटें हें आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं एक संस्थान आहे. तेथील मूळची भाषा ‘ओलेलो हवाई’. स्वर पांच, व्यंजनें थोडीं, आणि प्रत्येक अक्षर स्वरान्त. त्यामुळें साधें बोलणेंही कानाला गाण्यासारखें लागतें. पूर्वीं लिपि नव्हती, पण वाङ्मय होतें. सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजवंशापर्यंतची कथा सांगणारें ‘कुमुलिपो’ नांवाचें दोन हजारांहून अधिक ओळींचें काव्य केवळ मुखपाठानें जतन झालें होतें. मंत्रासारख्या पठणास तेथें ‘ओली’ म्हणतात, प्रार्थनेस ‘पुले’ आणि गीतास ‘मेले’. हा शेवटचा शब्द मराठी कानास अशुभ वाटेल. परंतु ‘मेले’ होतें म्हणूनच ती भाषा जगली, हें पुढें दिसून येईल.

१८२० सालीं बोस्टनच्या अमेरिकन मिशनचे धर्मोपदेशक तेथें उतरले. याच मिशनची माणसें १८१३ सालीं मुंबईस आलीं होतीं व पुढें त्यांनींच अहमदनगरास मराठी ‘ज्ञानोदय’ काढला. म्हणजे ही मंडळी आपणांस अगदींच अनोळखी नव्हे. १८२२ सालीं हवाई भाषेंत छपाई सुरू झाली आणि १८३९ सालीं बायबलाचें संपूर्ण भाषांतर पुरें झालें. राजघराण्यापासून शेतकऱ्या-कोळ्यांपर्यंत लोक मोठ्या उत्साहानें लिहावयास-वाचावयास शिकले. १८३४ पासून १९४८ पर्यंत त्या भाषेंत शंभराच्या आसपास वृत्तपत्रें निघालीं! मात्र याच उपदेशकांच्या वजनामुळें राणी काआहुमानू हिनें १८३० सालीं ‘हुला’ या परंपरागत नृत्यगायनावर सार्वजनिक बंदी घातली, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें राजा कालाकाउआ यानें १८८३ च्या आपल्या राज्याभिषेक-सोहळ्यांत हुलास पुनः मानाचें स्थान दिलें.

खरा आघात त्यानंतरचा. १७ जानेवारी १८९३ रोजीं मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या एका गटानें, अमेरिकन आरमाराच्या शिपायांचें पाठबळ असतां, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें. १८९६ सालीं कायदा झाला कीं, शाळा सरकारी असो वा खाजगी, शिक्षणाचें माध्यम इंग्रजीच असलें पाहिजे. १८९८ सालीं बेटें अमेरिकेस जोडलीं गेलीं. मातृभाषेंत बोलल्याबद्दल शाळेंत शिक्षा झाल्याच्या आठवणी तेथील वृद्धांनीं सांगून ठेवल्या आहेत. पोट भरण्याची विद्या इंग्रजींत, मग घरीं तरी दुसरी भाषा कशास, असा विचार करून पुष्कळ आईबाप मुलांशीं इंग्रजींतच बोलूं लागले. आजी-आजोबा आपसांत हवाईत बोलत, आणि नातवंडें जवळ आलीं कीं भाषा बदलीत. हा कायद्याहूनही मोठा घाव होता, कारण तो घरांतल्या माणसांच्या मायेनेंच घातला होता.

परंतु तो कायदा शाळांपुरता होता. प्रार्थनामंदिरांत त्याचा अंमल नव्हता. १८९५ सालीं आपल्याच इओलानी राजवाड्यांत कैदेंत असतां राणीनें मातृभाषेंत एक प्रार्थनागीत रचलें. आपणांस कोंडणाऱ्यांसही क्षमा व्हावी, असा त्याचा आशय. तें अजूनही तेथील चर्चमध्यें म्हटलें जातें. होनोलुलूंतील कावाइयाहाओ हें पोंवळ्यांच्या चिऱ्यांचें चर्च १८४२ सालीं बांधून झालें. शाळांतून हद्दपार झालेली भाषा अशा ठिकाणीं दर रविवारीं कानांवर पडत राहिली. लोरेन्झो लायन्स हा अमेरिकन उपदेशक १८३२ पासून १८८६ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिला व त्यानें शेंकडों गीतें हवाई भाषेंत आणलीं. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भक्तीस अभंग-ओवीचा पेहराव दिला, त्याची येथें आठवण होते. लायन्सचें ‘हवाई आलोहा’ हें गीत आज धर्मभेद विसरून सर्वजण म्हणतात. समारंभाच्या अखेरीस मंडळी उभी राहतात, शेजाऱ्याचा हात हातांत घेतात आणि गातात.

हेंच घरगुती मेळाव्यांतही. जेवणापूर्वीं वडीलधाऱ्यानें ‘पुले’ म्हणावयाची, आणि पानें उठल्यावर अंगणांत ‘कानिकापिला’, म्हणजे ज्याला जें येईल तें घेऊन गाण्याची बैठक. १८७९ सालीं मदीरा बेटांतून आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या चिमुकल्या तंतुवाद्यापासून झालेलें ‘युकुलेले’, सोबत गिटार, आणि आजीच्या तोंडचीं गाणीं. कोणी भाषा वांचवावयास बसत नसे. लोक गावयास बसत, आणि भाषा त्यांच्याबरोबर बसे.

येथपर्यंत वाचून, गाणें असलें म्हणजे झालें, असें कोणी समजेल. तसें नाहीं. गातां येतें पण बोलतां येत नाहीं, अशी एक पिढी तयार झाली. ओठांवर शब्द, आणि अर्थ विचारला तर आजीकडे बोट. १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ही भाषा सहज बोलणारीं अठरा वर्षांखालील मुलें पन्नासही नव्हतीं असें सांगतात. नीहाउ या एका लहानशा खाजगी मालकीच्या बेटावर तेवढी ती व्यवहाराची भाषा उरली होती. १९७८ सालीं संस्थानाच्या घटनेनें तिला इंग्रजीच्या जोडीनें राजभाषेचा मान दिला. मात्र लगेच पुस्ती जोडली कीं, कायदा सांगेल तेवढ्यापुरतीच सरकारी कामांत तिची आवश्यकता. पाट मांडला, पण पान वाढलें नाहीं!

तें पान कांहीं शिक्षकांनीं व आईबापांनीं स्वतःच वाढलें. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचें उदाहरण पाहून त्यांनीं १९८३ सालीं ‘पूनाना लेओ’, म्हणजे वाणीचें घरटें, ही संस्था काढली व १९८४ सालीं काउआइ बेटावर पहिली बालशाळा उघडली. तेथें वृद्धांच्या सहवासांत मुलांनीं दिवसभर हवाईतच बोलावयाचें. जुना प्रतिबंध कायद्यानें १९८६ सालीं उठला, १९८७ सालीं सरकारी शाळांत हवाई माध्यमाचे वर्ग निघाले, आणि १९९९ सालीं त्या माध्यमांतून शिकलेलीं पहिलीं मुलें शालान्त परीक्षेपलीकडे गेलीं. अशा शाळांत सकाळीं मुलें दाराशीं उभीं राहून ‘ओली’ म्हणून आंत येण्याची अनुज्ञा मागतात, आणि आंतून गुरुजनांचें पठणानेंच उत्तर येतें. पूर्वीं नुसतें पाठ असलेलें पद्य येथें खरा प्रश्न झालें, आणि त्याला खरें उत्तर मिळूं लागलें. २०१६ च्या सरकारी अहवालांत घरीं हवाई बोलणारे सुमारे अठरा हजार लोक नोंदले गेले.

तथापि मान्यतेचा लढा संपला असें नव्हे. २०१८ च्या जानेवारींत माउई बेटावरील एका न्यायालयांत आरोपीनें आपली ओळख हवाई भाषेंत दिली. न्यायाधीशांनीं तो ‘हजर नाहीं’ असें धरून त्याच्यावर वॉरंट काढलें! समोर उभा असलेला माणूस केवळ भाषेमुळें दिसेनासा झाला. गवगवा होतांच दुसऱ्या दिवशीं तें वॉरंट मागें घेतलें गेलें, व न्यायखात्यानें शक्य तेथें दुभाषा देण्याचें धोरण जाहीर केलें. घटनेंतल्या मान्यतेस चाळीस वर्षें झालीं होतीं; पण ती मागून घ्यावी लागली, आणि मागण्याइतकी भाषा ज्याच्या तोंडीं होती त्यालाच ती मागतां आली.

२०२४ सालीं आपल्या मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आम्हांसही झाला. पण दिवेलागणीस देवापुढें हात जोडून शुभंकरोति आणि रामरक्षा खडखडीत म्हणणारीं आमचीं मुलें पानावर बसल्यावर ‘आणखी काय वाढूं?’ या आजीच्या प्रश्नास कोणत्या भाषेंत उत्तर देतात, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें. पाठांतर सोडावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. हवाईच्या लोकांस त्यानेंच तारलें. परंतु म्हणून झाल्यावर आजीनें नातवाला जवळ घेऊन दोन ओळींचा अर्थ सांगावा, त्यानें विचारावें, तिनें उत्तर द्यावें, आणि तेवढा वेळ घरांतल्या कोणी मध्येंच भाषा बदलूं नये. याला सरकारचा ठराव लागत नाहीं. आजीजवळची पांच मिनिटें पुरतात.