महासत्तांची स्पर्धा आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील कामगार

दोन बलाढ्य राष्ट्रांमधील स्पर्धा म्हटली की सैन्य, शस्त्रास्त्रे आणि सीमारेषा या गोष्टीच प्रथम आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाच्या काळात हे चित्र बऱ्याच अंशी खरे होते. त्या दोन गटांत परस्पर व्यापार अल्प असल्यामुळे व्यापार रोखून एकमेकांची कोंडी करण्यासही मर्यादा होती. आजच्या अमेरिका-चीन स्पर्धेचे स्वरूप निराळे आहे. ही राष्ट्रे परस्परांची प्रतिस्पर्धी आहेत आणि त्याच वेळी परस्परांची ग्राहकही आहेत. भारत व चीन यांच्या संबंधांनाही हेच वर्णन लागू पडते. अशा स्थितीत तोफेपेक्षा परवाना हे अधिक सोयीचे शस्त्र ठरते. परवानगी द्यावयाची, रोखून धरावयाची अथवा तिचा निर्णयच लांबवावयाचा, एवढ्याने प्रतिपक्षाला नमविता येते. या शस्त्राचा घाव प्रत्यक्षात कोणावर पडतो, हे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात २०२० आणि २०२५ साली घडलेल्या दोन घटनांवरून स्पष्ट होते.

तळेगावचा कारखाना

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २००८ साली तळेगाव येथे मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री बंद केली. तळेगावात निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिले. जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीस विकण्याचे ठरले. दरम्यान १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने एक नियम जाहीर केला. भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक राहील, असा त्याचा आशय होता.

१५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने अनेक कंपन्यांशी सामंजस्य करार केले. त्यांपैकी तीन करार चिनी गुंतवणुकीशी संबंधित होते व त्यांची एकत्रित रक्कम सुमारे ५,०२० कोटी रुपये होती. एकट्या ग्रेट वॉलचा वाटा ३,७७० कोटी रुपयांचा होता. त्याच रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात भारत आणि चीन यांच्या सैनिकांत हातघाईची चकमक होऊन भारताचे वीस जवान हुतात्मा झाले. आठवड्याभरातच राज्य शासनाने हे तिन्ही करार तूर्त स्थगित ठेवल्याचे सांगितले.

कारखान्याच्या विक्रीस केंद्राची परवानगी मिळालीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये चौदाशेच्या आसपास कामगारांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्या संघटनेने याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला. अखेर २०२२ च्या मध्यास दोन्ही कंपन्यांनी व्यवहार रद्द केला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाई या दक्षिण कोरियाच्या कंपनीने हा कारखाना घेण्याचा करार केला. मात्र या करारात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा समावेश होता; आपणांस सामावून घ्यावे, ही जुन्या कामगारांची मागणी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. यंत्रांना नवा मालक मिळाला, यंत्रे चालविणाऱ्या हातांना मिळाला नाही.

याच जनरल मोटर्सचा गुजरातमधील हालोल येथील कारखाना २०१७ साली शांघायच्या सैक कंपनीकडे गेला होता आणि तेथून २०१९ पासून मोटारी बाहेरही पडू लागल्या होत्या. अमेरिकन विक्रेता तोच, चिनी ग्राहक आणि भारतीय भूमीही तशीच. तरीही परिणाम भिन्न झाला. तळेगावच्या कामगाराच्या कौशल्यात अथवा श्रमात काही उणे होते म्हणून हे घडले नाही. दरम्यानच्या काळात दोन राष्ट्रांमधील संबंध बदलले, हेच त्याचे कारण होय.

चुंबकाचा प्रवास

दुसऱ्या घटनेच्या केंद्रस्थानी एक लहानशी वस्तू आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारीत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून बनविलेले कायमचुंबक वापरतात. आकाराने लहान असूनही ते अतिशय प्रबळ असते. मोटार तापल्यावर चुंबकत्व टिकून राहावे म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम या धातूंचे अल्प प्रमाण मिसळतात. या धातूंना दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये म्हणतात. नावावरून वाटते तितकी ती दुर्मिळ नाहीत. परंतु खनिजातून ती एकमेकांपासून वेगळी करणे खर्चाचे, किचकट आणि पर्यावरणास घातक काम आहे.

हे चुंबक १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये आणि अमेरिकेत, म्हणजे जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत, स्वतंत्रपणे विकसित झाले. त्यासाठी कंपनीने मॅग्नेक्वेंच नावाचा उद्योग उभारला. १९९५ साली चिनी कंपन्यांचा सहभाग असलेल्या एका गटाला तो विकण्यात आला आणि पुढील काही वर्षांत त्याचे उत्पादन चीनकडे सरकले. त्या काळी अमेरिकेला यात धोका दिसला नाही. माल स्वस्त मिळतो आहे, एवढेच पाहिले गेले. आता जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चीनमध्ये तयार होतात. परावलंबन हे असे एका दिवसात येत नाही. स्वस्ताईच्या प्रत्येक लहान निर्णयातून ते साठत जाते.

आकुर्डीपर्यंत पोहोचलेला वाद

परवान्याचे हे शस्त्र केवळ चीननेच उचलले असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत संगणकीय चिप आणि त्या बनविण्याची यंत्रे चीनला विकण्यावर कठोर निर्बंध घातले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढविताच चीनने त्याच महिन्याच्या ४ तारखेस सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये व त्यांपासूनची चुंबके यांच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. पुढील काही दिवसांत अमेरिकेचे चिनी मालावरील शुल्क १४५ टक्के आणि चीनचे अमेरिकन मालावरील शुल्क १२५ टक्के इतके चढले.

चीनचा रोख अमेरिकेकडे असला तरी नियम सर्व देशांना लागू होता. भारतीय खरेदीदारांना चुंबकांचा वापर लष्करी कामासाठी होणार नाही अशी हमी देणे, तीवर सरकारी मान्यता घेणे आणि नंतर चीनच्या निर्णयाची वाट पाहणे भाग पडले. आकुर्डीत बजाज ऑटोचा जुना कारखाना २००७ साली उत्पादनातून बंद झाला होता. तेथेच २०२२ साली विजेवरील चेतक स्कूटरसाठी नवा कारखाना उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये कंपनीने उत्पादन घटल्याचे सांगितले व ऑगस्टमध्ये ते पूर्णतः थांबण्याची शक्यता व्यक्त केली. ऑगस्टच्या उत्तरार्धात पुरवठा काही प्रमाणात सुरळीत होऊ लागला.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिका व चीन यांच्या अध्यक्षांची दक्षिण कोरियातील बुसान येथे भेट झाली आणि त्याच महिन्यात चीनने जाहीर केलेले नवे निर्बंध वर्षभरासाठी स्थगित झाले. या वाटाघाटीत आकुर्डी, चाकण वा भोसरी येथील सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगांना कोणी पक्ष मानले नव्हते.

कार्यकारणभावाचे आकलन

या दोन घटनांवरून राष्ट्रीय सुरक्षेचा विचार निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वीस जवानांचे प्राण गेल्यानंतर शासनाने सावध होणे स्वाभाविक होते. प्रश्न वेगळाच आहे. सुरक्षेची किंमत सर्व राष्ट्राने मिळून द्यावयाची असते. तळेगावात ती प्रामुख्याने एका कारखान्याच्या कामगारांनी दिली. कायम कामगाराला निदान संघटना आणि न्यायालयाचा दरवाजा असतो. कंत्राटी कामगाराला बहुधा तेवढाही आधार नसतो. पुरवठा थांबला की त्याला पुढील पाळीस येऊ नकोस एवढेच सांगितले जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात अशी चुंबके तयार व्हावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला सहा हजार टन उत्पादनक्षमता उभारणे हे तिचे उद्दिष्ट आहे. हा उपाय योग्य असला तरी अपुरा आहे, कारण तो वस्तूचा पुरवठा सुरक्षित करतो, मनुष्याची उपजीविका नाही. राष्ट्रहितासाठी ज्या व्यवहारास परवानगी नाकारली जाते, त्यामुळे रोजगार गमावणाऱ्यांचे वेतन आणि पुनर्नियुक्ती यांची जबाबदारीही त्याच निर्णयाचा भाग मानली गेली पाहिजे. कारखाना विकताना यंत्रांची यादी जशी करारास जोडली जाते, तसा कामगारांचा प्रश्नही करारात आला पाहिजे.

महासत्तांची स्पर्धा थांबविणे पिंपरी-चिंचवडच्या हाती नाही. परंतु त्या स्पर्धेचा भार कोणाच्या खांद्यावर टाकावयाचा, हे ठरविणे मात्र आपल्या समाजाच्या आणि शासनाच्या हाती आहे. दु:खाचे कारण दूर देशी असले तरी त्याच्या निवारणाची जबाबदारी दूरची ठरत नाही.