६० अंशांचा उकिरडा, १०० अंशांचा पायरोकॉकस

दुसरबीडकडच्या शेतात शेणखताचा ताजा ढीग उकरला की आतून वाफ निघते. ही ऊब जिवाणूंचीच! ढीग ६० अंशांकडे गेला की साधे जिवाणू मागे पडतात, उष्णताप्रेमी फोफावतात. त्यांच्या प्रथिनांना विद्युतभारांचे जादा टाके असतात, म्हणून ती सहज उलगडत नाहीत.

पण मला सगळ्यात भारी वाटतो इटलीच्या व्हल्कॅनो बेटाजवळ सापडलेला पायरोकॉकस फ्युरिओसस हा सूक्ष्मजीव. तो १०० अंशांना जोमात वाढतो! साखर मोडताना एरवी तयार होणारा एक नाजूक रेणू एवढ्या उष्णतेत टिकत नाही. मग हा गडी वेगळं विकर वापरून ती पायरीच गाळतो. तिथला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, हातचा जातो. पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनांपासून तो हायड्रोजन वायू बनवतो आणि त्यातून थोडी ऊर्जा वसूल करतो.