शिवराई नाण्यांची अयोग्य स्वच्छता आणि तिचे दुष्परिणाम

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेल्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. पेशवाईतही ही नाणी पाडली जात होती. बहुतेक शिवराई नाण्यांवर वर्ष नसते. त्यामुळे अक्षरांचे वळण, लेखनभेद, चिन्हे व वजन यांवरून अभ्यासक त्यांचे वर्गीकरण करतात. अशा स्थितीत नाणे चिंच, लिंबू वा राखेने घासून लख्ख करणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय.

हवा व ओलावा यांमुळे तांब्यावर प्रथम तांबूस ऑक्साइडचा आणि कालांतराने हिरव्या कार्बोनेटचा थर जमतो. झिजलेल्या अक्षराची कड पुष्कळदा या थरातच टिकून असते. चिंचेतील टार्टारिक व लिंबातील सायट्रिक आम्ल हा थर विरघळवते; राखेचे कण उघड्या धातूवर ओरखडे पाडतात. वजन घटते, अक्षर पुसट होते. जाणकार संग्राहक असे नाणे चटकन ओळखतो आणि त्याची किंमत कमी करतो. मूळ थर पुन्हा चढविता येत नाही. (कृत्रिम रंग देणे ही तर फसवणूकच.)

फिकट हिरवी भुकटी सुटत असल्यास मात्र तो क्लोराइडजन्य विकार समजावा व नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून संग्रहालयातील रसायनतज्ज्ञांकडे सोपवावे. महाविद्यालयांत देणगीदाखल आलेली नाणी प्रदर्शनापूर्वी घासून घेण्याची घाई होते. त्याआधी निदान वजनाची नोंद व दोन्ही बाजूंची छायाचित्रे विभागाच्या दप्तरी असावीत.