नाखवा, मोसम आणि शेवटचा 'त'

पनवेलच्या कोळीवाड्यात होडीचा धनी तो नाखवा. मलय भाषेत जहाजाचा कप्तान 'नाखोदा'. दोघांचं मूळ फारसी 'नाखुदा': नाव म्हणजे जहाज, खुदा म्हणजे मालक. बोरघाटातून 1830मध्ये गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे. ते 'बंदर'ही फारसीच, आणि मलयमध्येही तसंच. मलाक्काच्या सुलतानांनी परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार 'शहाबंदर' नेमले होते. त्यांतला एक फक्त गुजरातच्या व्यापाऱ्यांसाठी.

हे शब्द खरोखरच वाऱ्याने पोचवले. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा. परतीचा वारा सुटेपर्यंत गलबतं परक्या बंदरात महिनोन् महिने थांबत. तेवढ्यात उधारी चाले, सोयरिकी जुळत, घरात दोन भाषा नांदू लागत. शब्द रुजायला असा मुक्काम लागतोच. मराठीत 'मौसिम'चा 'मोसम' झाला, इंडोनेशियात 'मुसिम'.

मग तिकडचे अरबी शब्द थेट अरबांकडून आले, की फारसीतून? याचा माग शब्दाच्या शेपटाशी लागतो, आणि मला या शोधातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. 'सलामह'सारख्या अरबी शब्दाचा शेवट एकटा उच्चारला तर 'ह', पुढच्या शब्दाला जोडला तर 'त'. फारसीने अशा कित्येक शब्दांना 'त' कायमचा चिकटवला: सलामत, दौलत, हकीकत. मराठीने ते तसेच उचलले. मलयवरच घडलेल्या इंडोनेशियनमध्येही 'सेलामात', 'दौलात', 'हाकिकात'. उलट 'फायदा'ला फारसीने 'त' लावला नाही. तो 'त' आपल्याकडे नाही आणि तिकडच्या 'फाएदाह'मध्येही नाही. भाषाअभ्यासक स्टुअर्ट कॅम्बेल यांनी 1996मध्ये मलयमधल्या या दोन शेपटांवर एक अख्खा निबंध लिहिला.

पुढे हज आणि मदरशांमुळे थेट अरबीशी संबंध वाढला, तसा 'ह' बळावला. त्यामुळे आपली एकच 'जमात' इंडोनेशियात दोन झाली: चर्चमधली मंडळी 'जेमाआत', हजला निघालेली 'जेमाआह'.

फारसी वळणाचे हे शब्द पूर्वेकडे नेण्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा मोठा वाटा असावा. जावातल्या ग्रेसिक बंदरात इस्लामप्रसारक मानल्या जाणाऱ्या मलिक इब्राहिम यांची 1419ची कबर आहे. तिच्यावरचा कोरीव संगमरवर गुजरातच्या खंबायतहून गेलेला आहे.